मूल शाळेत जातंय? कोविडची तयारी आधीच करून ठेवा

जी मुलं सध्या पहिल्यांदाच शाळेची पायरी चढतायत, त्यांतली बरीचशी महासाथीच्या काळात किंवा त्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांच्या आईवडिलांना बंद शाळा आठवतात, पण भरलेल्या वर्गांच्या काळात कोविड कसा सांभाळायचा याचा अनुभव अनेकांना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं. विषाणू मात्र गेलेला नाही. तो लाटांमध्ये येत राहतो, आणि बंद खोलीत तासन् तास एकत्र बसणारी मुलं त्याला सोयीची असतात.

हा लेख अशा नव्या शालेय कुटुंबांसाठी आहे. बहुतेक पालकांकडे माहिती असते. अडतं ते निर्णयापाशी. सकाळची घाई चाललेली असते, मूल दोनदा खोकतं, कपाळ जरा कोमट लागतं, दप्तर भरून तयार असतं, तुमची कामावर महत्त्वाची बैठक असते आणि मुलाची चाचणी परीक्षा असते. त्या दहा मिनिटांत घेतलेला निर्णय बहुतेकदा ‘जाऊ दे, बघू’ असाच असतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: शक्य तितके निर्णय मूल बरं असताना, शांतपणे, घरातल्या सगळ्यांनी मिळून घेऊन ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते. विलगीकरणाचे दिवस, मास्कची सक्ती, लसीचं वय याबाबतचे नियम देशानुसार वेगळे असतात आणि ते बदलतात. इथे जे लिहिलंय त्यात आणि तुमच्या शाळेच्या किंवा आरोग्य विभागाच्या सध्याच्या नियमांत फरक दिसला, तर त्यांचं ऐका. तुमचं मूल एखाद्या आजारावर उपचार घेत असेल, तर त्याच्या डॉक्टरांचा सल्ला सगळ्यात वरचा.

पायरी पहिली: संसर्ग होतो कसा, हे एकदा नीट समजून घ्या

हे समजलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. संसर्ग झालेला माणूस श्वास सोडतो, बोलतो, गातो, ओरडतो किंवा खोकतो तेव्हा विषाणू असलेले कण हवेत जातात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. अतिशय बारीक कण मात्र धुरासारखे तरंगत राहतात आणि खिडक्या बंद असतील तर खोलीत साचत जातात. त्यामुळे धोका तीन गोष्टींवर ठरतो: हवा किती खेळती आहे, माणसं किती जवळ आहेत आणि किती वेळ एकत्र आहेत. मोकळ्या मैदानातला अर्धा तास आणि बंद वर्गातला अर्धा तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वस्तूंना हात लावून संसर्ग होऊ शकतो, पण त्याचा वाटा खूप लहान आहे. दप्तर, वह्या, पेन्सिली पुसत बसण्यात जी शक्ती जाते, ती खिडक्या उघड्या ठेवण्यात घालवली तर फायदा कितीतरी जास्त होतो.

वेळेचं गणितही लक्षात असू द्या. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात. ओमायक्रॉन आणि त्याच्या पुढच्या प्रकारांत बहुतेकदा ३-४ दिवसांतच लक्षणं दिसतात. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतं. म्हणूनच वर्गात कुणी आजारी पडलं की ‘आईवडिलांनी आजारी पोराला पाठवलंच कसं?’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. ते मूल काल शाळेत होतं तेव्हा खरोखर ठणठणीत दिसत असेल.

पायरी दुसरी: घरचा आराखडा, एका संध्याकाळी

एक कागद घ्या आणि सगळे मिळून बसा. सगळ्यात अवघड प्रश्न आधी: मूल आजारी पडलं तर घरी कोण थांबणार? पहिला दिवस कोण, दुसरा दिवस कोण, आणि दोघांनाही जमलं नाही तर तिसरं माणूस कोण? एकटी आई किंवा एकटे वडील असाल तर हा प्रश्न आणखी कठीण होतो, म्हणून तो आणखी लवकर सोडवायला हवा. एखाद्या मैत्रिणीशी, शेजाऱ्यांशी किंवा नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवा आणि स्पष्ट विचारा: ‘मुलाला संसर्ग असला तरी तुम्ही येऊ शकाल का?’ या कामासाठी आजी-आजोबांचं नाव सगळ्यांत आधी सुचतं. वाढत्या वयाबरोबर गंभीर कोविडचा धोका झपाट्याने वाढतो, हे लक्षात घेऊन त्यांचं नाव यादीत शेवटी ठेवा.

मग शाळेतून न्यायला कोण येणार. दुपारी शाळेतून फोन आला, तर तासाभरात पोहोचू शकतील अशा दोन माणसांची नावं आणि नंबर शाळेकडे हवेत. बदललेला नंबर शाळेला न कळवणं ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि तिच्यापायी तापाने फणफणलेलं मूल एका खोलीत वाट बघत बसून राहतं.

घरात जास्त जपावं लागेल असं कोण आहे, हेही याच कागदावर लिहा. वयस्कर माणसं, गरोदर बाई, तान्हं बाळ, मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, खूप जास्त वजन, कर्करोगावरचे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आजच एक प्रश्न विचारून ठेवा: ‘आमच्या घरी कोविड आला तर यांच्यासाठी काय करायचं, आणि किती लवकर?’ कोविडवरची विषाणूविरोधी औषधं लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच द्यावी लागतात. वाट बघण्यात तो काळ निघून जातो.

घरात काय असावं? चालू बॅटरीचा डिजिटल थर्मामीटर, मुलाच्या वजनानुसार विचारून आणलेलं तापाचं औषध आणि त्याबरोबरची मोजपट्टी असलेली सिरिंज, ओआरएसची पाकिटं, नीट बसणारे काही मास्क आणि मिळत असतील तर दोन-चार रॅपिड अँटिजेन चाचण्या. चाचण्यांची मुदत बघून घ्या. एवढं पुरे. कपाट भरून ठेवायची गरज नाही.

लसीबद्दल थोडक्यात: कोविडच्या लसीने संसर्ग पूर्ण टळत नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका चांगलाच कमी होतो. निरोगी लहान मुलांना ती द्यायची की नाही याबाबत देशांची धोरणं वेगवेगळी आहेत. धोका जास्त असलेल्यांना ती द्यावी, यावर मात्र सर्वसाधारण एकमत आहे. घरातल्या मोठ्यांच्या लसी मुलालाही अप्रत्यक्ष आधार देतात. मुलाच्या नेहमीच्या लसी, विशेषतः गोवराची, राहिल्या असतील तर त्या आधी पूर्ण करा.

पायरी तिसरी: शाळेला काय विचारायचं

पालकसभेत किंवा प्रवेशाच्या वेळी हे प्रश्न शांतपणे, सहकार्याच्या सुरात विचारा. शिक्षकांनाही दिवसभर त्याच हवेत बसायचं असतं, त्यामुळे तुमचं आणि त्यांचं हित एकच आहे.

पहिला प्रश्न हवेचा. वर्गाच्या खिडक्या उघडतात का, आणि प्रत्यक्षात उघड्या असतात का? समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या असतील तर वारा आरपार जातो. एकाच बाजूची एकच खिडकी उघडी असेल तर फरक कमी पडतो. भिंतीवरचा साधा एसी बहुतेकदा खोलीतलीच हवा फिरवतो आणि थंड करतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. ‘आमच्या वर्गात एसी आहे’ हे हवा खेळती असल्याचं उत्तर नव्हे.

शाळेची तयारी असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र फार कामाचं आहे. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. माणसं जो श्वास सोडतात त्याने बंद खोलीत ते वाढत जातं. वर्गातला आकडा ८०० च्या खाली राहिला तर हवा बऱ्यापैकी बदलतेय असं समजायला हरकत नाही. तो हजार-दीड हजाराच्या पुढे जात असेल, तर मुलं एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेतायत. ज्या वर्गात खिडक्या उघडणं शक्यच नाही, तिथे हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण गाळणारं, हवाशुद्धीकरण यंत्र ठेवता येतं. २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांनी पुढे आणलेली एक स्वस्त रचनाही आहे: चौकोनी पंख्याला चार बाजूंनी एमईआरव्ही-१३ दर्जाचे (बारीक कण अडवणारे) फिल्टर चिकटवून केलेलं खोकं. अनेक शाळांमध्ये विद्यार्थ्यांनी स्वतः अशी खोकी बनवली आहेत. मात्र फिल्टरने हवेतले कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड नाही. त्यामुळे फिल्टर चालू असताना कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा खाली आला नाही तर फिल्टर निकामी आहे असं समजू नका.

दुसरा प्रश्न: मूल शाळेत आजारी पडलं तर त्याला कुठे बसवतात? तिसरा: आजारपणाच्या गैरहजेरीमुळे गुण किंवा हजेरीचं बक्षीस कापलं जातं का? शंभर टक्के हजेरीची बक्षिसं बंद व्हावीत, असं माझं ठाम मत आहे. ज्या मुलाला प्रमाणपत्र हवंय, ते ताप लपवायला शिकतं. चौथा: घरी असताना अभ्यास कसा मिळेल? याचं उत्तर आधी माहीत असलं की मूल घरी ठेवताना मनावरचं ओझं हलकं होतं.

पायरी चौथी: रोज सकाळची दोन मिनिटं

मूल उठलं की दप्तराआधी त्याच्याकडे बघा. डोळे, चेहरा, आवाज, चाल. रोज बघत असाल तर वेगळेपण लगेच जाणवतं. मग विचारा, ‘घसा कसा आहे? पोट कसं आहे?’ ‘बरं वाटतंय ना?’ असा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर मुलं ‘हो’ असंच देतात. शंका आली तर हाताने अंदाज न घेता थर्मामीटर लावा.

मुलांमध्ये कोविड बहुतेकदा साध्या सर्दीसारखाच दिसतो: ताप, खोकला, घसादुखी, वाहणारं नाक, डोकेदुखी, थकवा, कधी उलट्या-जुलाब. चव किंवा वास जाणं आता पूर्वीइतकं आढळत नाही. नुसतं बघून कोविड, फ्लू आणि साधी सर्दी यांतला फरक डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यामुळे ‘हा कोविड आहे का?’ यापेक्षा ‘हे मूल आज शाळेत जाण्यासारखं आहे का?’ हा प्रश्न धरा.

घरी ठेवायचं कधी, हे असं ठरवून टाका: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, उलटी किंवा जुलाब, नव्याने सुरू झालेला आणि थांबत नसलेला खोकला, दुखणारा घसा आणि सोबत मरगळ, किंवा मूल इतकं सुस्त की खेळायलाही नको म्हणतंय. यांपैकी एकही असेल तर त्या दिवशी चर्चा नाही, मूल घरी. ताप नाही, मूल खेळतंय, खातंय आणि फक्त नाक थोडं वाहतंय, तर बहुतेक शाळा येऊ देतात. अशा वेळी मास्क लावून पाठवणं हा चांगुलपणा आहे. नेहमीची ॲलर्जी असेल तर डोळे-नाक खाजतं, ताप नसतो आणि त्रास ठरावीक ऋतूत किंवा धुळीत होतो. पण नेहमीपेक्षा काही वेगळं दिसलं तर ॲलर्जीवर ढकलू नका.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: तापाचं औषध पाजून मुलाला शाळेत पाठवणं. औषधाने चार-सहा तास ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो. दुपारी ताप पुन्हा चढतो तेव्हा मूल वर्गात असतं आणि तोपर्यंत आजूबाजूची मुलं तीच हवा आत घेऊन बसलेली असतात.

पायरी पाचवी: चाचणी करायची तर अशी

रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आली तर इतक्यात निर्धास्त होऊ नका. आजाराच्या पहिल्या दिवशी विषाणू कमी असू शकतो. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. लक्षणं नाहीत पण घरातल्या कुणाला कोविड झालाय, तर ४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा. लहान मुलाच्या नाकात कांडी घालताना त्याला मांडीवर घ्या, डोकं तुमच्या छातीला टेकवा आणि काय करणार ते आधी सांगा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेलाच निकाल वाचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरू नका.

प्रयोगशाळेत होणारी आरटी-पीसीआर चाचणी जास्त संवेदनशील आहे, पण मूल बरं झाल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणूनच ‘निगेटिव्ह आल्याशिवाय शाळेत घेऊ नका’ अशी मागणी चुकीची आहे. चाचणी मिळत नसेल तरी बिघडत नाही: लक्षणांवरून घरी ठेवा, बाकी काळजी तीच.

पायरी सहावी: मूल आजारी असताना

बहुतेक मुलं काही दिवसांत घरीच बरी होतात. त्यांना विश्रांती, भरपूर पाणी आणि जवळ बसणारं माणूस लागतं. जेवण कमी झालं तर एक-दोन दिवस काळजी नको, पण पिणं कमी होता कामा नये. उलट्या होत असतील तर एकदम पेलाभर देऊ नका. दर काही मिनिटांनी एक-दोन चमचे ओआरएस द्या.

तापाच्या औषधाकडे मात्र नीट लक्ष द्या. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर द्यायचं असतं: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. १६ किलोच्या मुलाला एका वेळी १६० ते २४० मिलिग्रॅम. आता बाटलीवर बघा. काही सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, काहींत २५०. पहिल्या बाटलीतले १० मिलिलिटर म्हणजे २४० मिलिग्रॅम, बरोबर मात्रा. दुसऱ्या बाटलीतले तेवढेच १० मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम, दुपटीहून जास्त. म्हणूनच ‘गेल्या वेळी दोन चमचे दिले होते’ ही आठवण धोक्याची आहे. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. सिरिंजने मोजा आणि दिलेली वेळ कागदावर लिहा, कारण रात्री दोन वाजता आई देते आणि तीन वाजता बाबा पुन्हा देतात. सर्दी-खोकल्याच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही मोजा.

मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नका. विषाणूच्या आजारात त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. उरलेली बाटली काढून द्यायची नाही. खोकल्याला मध चालतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही.

दमा असलेल्या मुलाची नेहमीची इनहेलर चालू ठेवा. ‘आजारी आहे म्हणून थांबवली’ असं होऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: श्वास बघायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा, छाती आणि पोट उघडं ठेवा, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पोट वर येऊन खाली गेलं की एक. रडताना किंवा नुकतंच धावून आल्यावर मोजू नका. फार ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास वेगाने चाललाय. मोजता मोजता फासळ्यांच्या खालची बाजूही बघा. श्वास घेताना तिथली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर मूल श्वासासाठी झगडतंय. मूल बरं असताना एकदा हे करून बघा. निरोगी श्वास कसा दिसतो हे डोळ्यांत बसलं की बिघडलेला ओळखता येतो.

यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता तातडीच्या उपचारांसाठी निघा:

– श्वास घ्यायला त्रास, किंवा वर सांगितलेली ओढ
– ओठ, जीभ किंवा नखं निळसर-राखाडी (सावळ्या मुलांत ओठांची आतली बाजू आणि हिरड्या बघा)
– मूल जागंच होत नाही, गोंधळलेलं आहे किंवा झटका आला
– काहीच पीत नाही, आठ तासांपेक्षा जास्त वेळ लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत
– छातीत सतत दुखणं, किंवा चक्कर येऊन पडणं
– मान ताठ, किंवा दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर बाकी काही नसलं तरी लगेच डॉक्टर. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर वापरा, पण गार बोटं, नखांची रंगीत पॉलिश, हलणारा हात यांनी आकडा चुकतो आणि गडद त्वचेत तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आकडा चांगला पण मूल वाईट दिसतंय, तर मुलावर विश्वास ठेवा.

पायरी सातवी: घरातल्या बाकीच्यांना जपणं

छोट्या मुलाला वेगळ्या खोलीत एकटं ठेवणं शक्यही नाही आणि योग्यही नाही. एक मोठं माणूस त्याच्याजवळ राहील असं ठरवा. ते शक्यतो घरातलं सगळ्यांत तंदुरुस्त असावं. त्याने एन-९५ किंवा तशाच दर्जाचा घट्ट बसणारा मास्क लावावा. खिडक्या उघड्या, पंखा असा की हवा खोलीतून बाहेर जाईल. जेवताना मास्क उतरतात, म्हणून मुलाचं जेवण वेगळ्या वेळी किंवा खिडकीपाशी. आजी-आजोबांना त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपू द्या.

मास्कबद्दल: नाकाच्या बाजूने हवा निसटत असेल, चष्म्यावर वाफ धरत असेल तर तो नीट बसलेला नाही. झडप असलेला मास्क नको; तो बाहेर पडणारी हवा गाळत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावू नका, आणि झोपलेल्या मुलालाही नको.

हात साबणाने २० सेकंद धुवायची सवय कोविडपेक्षाही पोटाच्या विकारांसाठी मोलाची आहे. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचा हवा आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही स्वच्छतेच्या द्रावणात मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

भावंडांना लक्षणं नसतील तर अनेक ठिकाणी शाळेत जाता येतं. शाळेला विचारून घ्या आणि काही दिवस सकाळची तपासणी जास्त काटेकोर करा.

पायरी आठवी: शाळेला कळवणं

लपवू नका आणि माफीही मागू नका. वर्गशिक्षिकेला थेट एवढं लिहिलं तरी पुरे: ‘नमस्कार. माझ्या मुलीला काल संध्याकाळपासून ताप आणि खोकला आहे. आज सकाळी केलेली कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. ती परवापर्यंत शाळेत होती. ताप उतरल्यावर शाळेच्या नियमानुसार पाठवू. शेजारी बसणाऱ्या मुलांच्या पालकांना तिचं नाव न घेता कळवता आलं तर बरं होईल.’

पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचं नाव टाकायचं नाही, मग ते कितीही काळजीपोटी असो. ज्या घरावर बोट रोखलं जातं, ते घर पुढच्या वेळी काहीच कळवत नाही.

तुमच्या मुलाशीही बोला. ‘तुझ्यामुळे आजीला झालं’ हे वाक्य मुलं वर्षानुवर्षं मनात ठेवतात. आजार कुणालाही होतो, आपण मास्क लावतो आणि खिडकी उघडतो म्हणजे दुसऱ्याला मदत करतो, एवढं पाच वर्षांच्या मुलाला कळतं.

पायरी नववी: परत शाळेत आणि त्यानंतरचे आठवडे

सर्वसाधारण नियम असा: औषध न घेता २४ तास ताप नाही, आणि एकूण प्रकृती सुधारतेय, तर शाळा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्च २०२४ पासून हाच नियम ठेवला, आणि परतल्यावर पुढचे ५ दिवस मास्क, मोकळी हवा अशी जास्तीची काळजी घ्यायला सांगितली. ब्रिटनमधला सल्ला वेगळा आहे: चाचणी पॉझिटिव्ह आली तर १८ वर्षांखालच्यांनी ३ दिवस घरी थांबावं. तुमच्याकडचा नियम शाळेकडून लेखी घ्या. थोडा खोकला आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो; तेवढ्यासाठी मुलाला घरी बसवून ठेवायचं कारण नाही.

खेळ मात्र हळूहळू. आधी चालणं, मग हलकं धावणं, मग सामना. धावताना छातीत दुखलं, धडधड झाली, दम नेहमीपेक्षा फार लागला किंवा चक्कर आली, तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. विषाणूनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येणं क्वचित घडतं, पण ते अंगावर काढायचं दुखणं नाही. शिक्षकांनाही हे सांगून ठेवा, कारण मैदानावर तुम्ही नसता.

संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांत, मूल पूर्ण बरं झालेलं असताना, पुन्हा चढा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, जोराची पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तो एमआयएस-सी नावाचा बहुअवयवी दाह असू शकतो. तो दुर्मीळ आहे, अलीकडे आणखी कमी झालाय, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. डॉक्टरांना ‘महिन्यापूर्वी कोविड झाला होता’ हे वाक्य आवर्जून सांगा. संसर्ग सौम्य असेल तर ते सांगायचं राहून जातं.

काही मुलांचा थकवा, डोकेदुखी, झोपेची तक्रार किंवा लक्ष न लागणं महिनोन् महिने टिकतं. त्याला आळस म्हणू नका. रोज काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, याची छोटी नोंद ठेवा. विशेषतः दमल्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळत असेल तर ‘जोर लावून व्यायाम कर’ हा सल्ला उलटा पडतो. ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि शाळेशी बोलून काही काळ अर्धा दिवस, मधली विश्रांती, गृहपाठात सूट मागून घ्या. शाळा बहुतेकदा तयार असतात. त्यांना हवं असतं ते नेमकी मागणी लिहिलेलं एक पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी.